दुसरा पिवळा

बाबालाल नदाफच्या पाठीवर पहिल्यांदा रंग उमटले तेव्हा अख्खी टोळी हसली. छप्पन्न वर्षांचा रापलेला गडी, अंगात भोकं पडलेला बनियन, त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत काचेसारखा आरपार दिसणारा रबरी पट्टा. हळदीचं पोतं पाठीवर आलं आणि पोत्याखाली उघड्या राहिलेल्या पट्ट्यातून पिवळा, तांबडा, निळा असे रंग सरसर उतरत कमरेपर्यंत गेले. जत्रेतल्या पाळण्याची रोषणाईच. शिवगोंडा मुकादम म्हणाला, "भाई, तुला आता वरातीत फुडं नाचवाय पायजे."

"तुझ्या दुसऱ्या लग्नात नाचतो," बाबालाल पोत्याखालूनच म्हणाला, "वैनीला तेवढं इचारून ये."

रावजी ऐवळेही हसला, पण त्याची नजर रंगांवरून हटेना. रावजी आणि बाबालाल बावीस वर्षांची जोडी. हमालीत जोडी म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. एकाने पोतं घेऊन ट्रकला लावलेली फळी चढायची आणि दुसऱ्याने मागून पोत्याला हात द्यायचा. मागचा हात सुटला तर पुढचा पोत्यासकट उताणा खाली येतो. बावीस वर्षांत यांचा हात सुटला नव्हता.

सांगलीबाहेर मिरज रस्त्याला हळदीचं ते गोदाम. दारात विजेवर चालणारे बिनड्रायव्हरचे ट्रक आणि आत हमाल. ट्रक चालवायला यंत्र परवडतं आणि पोतं उचलायला परवडत नाही, याची कारणं मोठी माणसं पुष्कळ सांगत. खरं कारण एकच होतं. माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता, आणि मोडला तर त्याची दुरुस्ती त्याच्या बायकोने करायची होती. मग वर कुठेतरी कायदा झाला की कामावर मोडलेल्या पाठीचा इलाज मालकाने करावा. त्याच महिन्यात मालकांना हमालांच्या पाठीची काळजी वाटू लागली. पुण्यातल्या एका कंपनीने पट्टा बनवला आणि त्याचं नाव ठेवलं 'पाठराखा'. नाव ठेवणाऱ्याने आयुष्यात दळणाचा डबासुद्धा उचललेला नसणार.

पट्टे घेऊन वैदेही सोमण नावाची इंजिनिअर आली होती. तिशीची, उन्हाने लाल झालेली, पण जीव तोडून समजावून सांगणारी. टोळीतले बाकीचे तंबाखू मळत बसले. रावजी पुढे सरकला. नववीत शाळा सुटली होती त्याची, डोकं सुटलं नव्हतं.

ती म्हणाली, उजेड चालतो तेव्हा आडवा, उभा, तिरका असा सगळ्या बाजूंनी थरथरत चालतो. पट्ट्याच्या आतल्या अंगाला बारीक दिवे आहेत आणि त्यांच्यावर चाळणीसारखा पातळ पापुद्रा आहे. तो एकाच बाजूची थरथर पुढे सोडतो. पट्टा सैल असतो तेव्हा रबराचे रेणू गुंतवळासारखे कसेही पडलेले असतात, त्यामुळे उजेडाला कुठूनही गेलं तरी सारखंच. पट्टा ताणला की तेच रेणू ताणाच्या दिशेने ओळ धरतात. मग उजेडाचे दोन हिस्से पडतात. ओळीच्या बाजूने थरथरणारा एका वेगाने जातो, ओळीला आडवा थरथरणारा दुसऱ्या वेगाने. बाहेर पडेपर्यंत एक जण मागे राहिलेला असतो.

"म्हंजे जोडीनं वझं न्यायचं," रावजी म्हणाला, "एकाच्या पायाखाली फरशी आन् दुसऱ्याच्या पायाखाली वाळू."

वैदेहीने त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी तसंच, असं म्हणाली. बाहेरच्या अंगाला दुसरा पापुद्रा आहे, तिथे हे दोघे पुन्हा एकत्र येतात. पावलं जुळत नसली की काही रंग एकमेकांना मारून टाकतात, आणि जो उरतो तो आपल्याला दिसतो. ताण वाढेल तसं मागे पडणं वाढतं आणि रंग बदलतो. आधी काळा, मग करडा, पांढरा, पिवळा, तांबडा, निळा, हिरवा. आणि मग परत पिवळा.

"परत पिवळाच?" रावजीने विचारलं. "मग हलकं कुठलं आन् जड कुठलं, कळणार कसं?"

त्यासाठीच कमरेला ही डबी आहे, ती म्हणाली. सकाळी ताठ उभं राहायचं आणि डबीचं बटण दाबायचं. तो शून्य. तिथून पुढे रंगांचे किती फेरे झाले ते डबी मोजते आणि ओझं किती ते आकड्यात सांगते. शंभरला पोचली की किंचाळते. माणसाच्या डोळ्याला दोन्ही पिवळे सारखेच दिसतात, डबीला नाही.

इथे मात्र बाई चुकली. हळदीत हयात गेलेल्या माणसांना ती पिवळा रंग शिकवत होती. हळकुंड अर्धं कच्चं राहिलं तर मोडल्यावर आतून फिकं दिसतं आणि नीट शिजलं असेल तर गर्द, हे टोळीतला कुठलाही गडी दहा पावलांवरून सांगायचा. आठ दिवसांत त्यांनी दोन्ही पिवळ्यांना नावं दिली. पहिला, फिका, तो 'कच्ची'. दुसरा, हिरव्यामागून येणारा गर्द, तो 'शिजली'. मागचा गडी पाठीकडे बघून ओरडायचा, "कच्ची हाय, चल," नाहीतर "शिजली, ठेव." पुढचा त्याप्रमाणे चालायचा. कंपनीच्या पुस्तकात यातलं काही लिहिलेलं नव्हतं.

पुस्तकात लिहिलेलं होतं ते वेगळंच. डबी किंचाळली की नोंद होणार. महिन्यात तीन नोंदी झाल्या की त्या हमालाचा बिल्ला गोदामाच्या दारावर चालायचा नाही, त्याच्या पाठीच्या भल्यासाठी. याला कंपनीने शब्द ठेवला होता 'विश्रांती'. पोती हलकी करा, असं पुस्तकात कुठेच नव्हतं. ट्रक चाळीस मिनिटं थांबतो तो साठ मिनिटं थांबवा, असंही नव्हतं. ओझं तेवढंच, वेळ तेवढाच, फक्त पाठ बदलायची. पहिल्या महिन्यात अकरा जणांना विश्रांती मिळाली. त्यातला एक मिरजेला हॉटेलात कपबश्या विसळताना दिसला. बाकीचे दिसलेच नाहीत.

बाबालालच्या दोन नोंदी झाल्या होत्या.

तिसरी कधीही व्हायची होती. एका सकाळी ट्रक वेळेआधी येऊन उभा राहिला. गडबडीत बाबालाल डबी सुरू करायला विसरला आणि पोतं पाठीवर घेऊन फळीपाशी गेला. रावजीच्या ध्यानात आलं. त्याने मागून हात घालून बटण दाबलं. त्या दिवशी बाबालालने एकट्याने सत्तर पोती चढवली आणि डबी संध्याकाळपर्यंत गप्प होती. चहाच्या टपरीवर रावजीच्या डोक्यात उजेड पडला. पोत्याखाली वाकलेली पाठ डबीने शून्य धरली होती. तिच्या हिशेबी त्याच्यापुढे पडेल तेवढंच ओझं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी बाबालालच्या पाठीवर आधी पोतं ठेवायचा आणि मग बटण दाबायचा. आठवडाभराने टोळीने विचारलं, त्याने सांगितलं. महिन्याभरात गोदामातले बेचाळीसच्या बेचाळीस हमाल ओझ्याखाली डबी सुरू करू लागले. विश्रांती बंद झाली. पाटसकर नावाचा गोदामाचा मॅनेजर रोज सकाळी चहाचा कप घेऊन ट्रक लागतात त्या धक्क्यावर उभा असायचा आणि हे सगळं डोळ्यांनी बघायचा. एक अक्षर बोलला नाही. बोलेल कशाला? ट्रक वेळेत भरत होते आणि कागदावर एकाही पाठीला त्रास नव्हता.

आता डबी खोटं बोलणार आणि पाठ खरं बोलणार. त्यामुळे रावजीवर जोखीम आली. फळी चढताना त्याची नजर बाबालालच्या कमरेवर खिळलेली असायची. हिरवा दिसला की जीव वर यायचा. घरी जेवताना ताटातल्या वरणाकडे बघून तो एकदा कच्ची म्हणाला आणि बायकोने पातेलं परत चुलीवर ठेवलं. झोपेत रंग, जागेपणी रंग. बाबालाल चेष्टा करायचा, "राव्या, बायकोकडं एवढं बघिटलं असतंस तर तिनं सोनं मानलं असतं." रावजी हसायचा आणि परत कमरेकडे बघायचा.

चैत्राच्या शेवटी हळदीची आवक धो धो होती. दुपारचे तीन. पत्रा तापलेला, आत हळदीचा धुरळा, ट्रकच्या मागच्या आकड्यांच्या पाट्यावर मिनिटं उलटी मोजली जात होती. चार मिनिटं उरलेली आणि नऊ पोती. ट्रक भरला नाही तर पूर्ण टोळीचा पुढचा ट्रक दुसऱ्या टोळीला जायचा. ट्रकशी हुज्जत घालता येत नाही, त्याला तोंड नसतं. फक्त टूं टूं करत होता, शेवटची पाच मिनिटं करतात तसा.

बाबालाल पोतं घेऊन फळीच्या मध्यावर थबकला. रावजी मागे, उजवा हात पोत्याच्या बुडाला. त्याने पाठ बघितली. हिरवा होता. बघता बघता हिरव्याच्या कडा सुटल्या, मधोमध पिवळा फुगत आला आणि कमरेपर्यंत पसरला. गर्द. आतून शिजलेला. यात चूक व्हायला जागाच नव्हती. रंगाबद्दल शंका आली असती, तरी हिरव्यामागून कच्ची येत नसते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पाट्यावर तीन मिनिटं.

"कच्ची हाय भाई," रावजी म्हणाला. "चल, चल."

बाबालाल दोन पावलं चढला. मग जुनं धोतर टरकन फाटावं तसा आवाज आला आणि तो गुडघ्यावर बसला. पोतं एका बाजूला घसरून फुटलं. रावजीने हात सोडला नाही, त्याने बाबालालला काखेत धरून खाली आणलं. बाबालालचा डावा पाय फळीवरून फरफटत आला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. पाट्यावर शून्य झालं. ट्रकने आपलं दार आपणच लावलं आणि तो निघून गेला.

मणक्याची गादी सरकून नस दाबली गेली आहे, असं डॉक्टरने सांगितलं. दहा दिवसांत ऑपरेशन झालं तर पाय परत येईल, नाहीतर काठी कायमची. कामावरचा अपघात असं गोदामाच्या मालकाने लिहून दिलं की ऑपरेशन उद्या होणार. नाही लिहिलं तर सरकारी दवाखान्यात नंबर लावायचा, तो दोन महिन्यांनी येणार. मालकाने अपघात समिती नेमली. समितीने डबी उघडली. डबीत त्या दुपारच्या तीनच्या पुढे लिहिलं होतं, अडतीस टक्के. सुरक्षित.

सहाव्या दिवशी रावजी बाबालालच्या घरी गेला. बाबालाल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही. रावजीने दोनदा भाई म्हटलं, तरी नाही. दुखत असेल, असं रावजीने मनाला सांगितलं. बाबालालची बायको जैबून उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत, मानही वर झाली नाही.

"तुमी तितंच व्हता नव्हं, भावजी?" ती म्हणाली. "मशीन काय बी म्हणू दे. वझं किती व्हतं ते तुमी सांगा की त्यास्नी."

रावजी चहा न घेता निघाला.

कोपऱ्यावर शिवगोंडा मुकादम त्याला गाठायला उभाच होता. समितीपुढे रावजीला बोलावणार हे त्याला कळलं होतं. तो आधी गोडीत बोलला, बाबालालसाठी सगळे मिळून काहीतरी करू म्हणाला. मग हात जोडले. बटणाची गोष्ट बाहेर आली तर डब्या बदलणार, आणि डब्या बदलल्या की पन्नाशीच्या पुढचे सगळे महिन्यात घरी बसणार. त्यात शिवगोंडाचा भाऊ होता. रावजी चालू लागला तेव्हा मुकादमाचा आवाज चढला. "एका पायासाठी बेचाळीस बिल्ले घालवनार काय तू? आन् ही बटणाची अक्कल आमाला शिकवली कुणी, मर्दा? आमी आलतो तुझ्याकडं?"

अक्कल त्याचीच होती. कच्ची म्हणणारं तोंडही त्याचंच, पण ते शिवगोंडाला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

समिती गोदामातल्या थंड केबिनमध्ये बसली. पाटसकर, पुण्याहून आलेली वैदेही सोमण, आणि शेवटपर्यंत एक शब्द न बोललेले दोन गृहस्थ. वैदेहीने त्या दिवसाचा आलेख भिंतीवर दाखवला. रेघ कुठेही निम्म्यावर गेलेली नव्हती. पाटसकर म्हणाले की बाबालालबद्दल सगळ्यांनाच वाईट वाटतंय, पण वयानुसार मणके झिजतात, यंत्र काही कुणाचा पक्ष घेत नाही. बोलताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू सकाळी चहा घेऊन धक्क्यावर उभा राहणारा माणूस कुणी दुसराच.

रावजी म्हणाला, पट्टा आणा.

गरज नाही, असं पाटसकर म्हणाले. वैदेहीने आलेखाकडे पाहिलं, रावजीकडे पाहिलं. पहिल्या दिवशी प्रश्न विचारणारा माणूस तिने ओळखला असावा. ती उठली आणि म्हणाली, चला धक्क्यावर.

धक्क्यावर सगळी टोळी काम सोडून उभी होती. रावजीने पट्टा अंगात घातला आणि पोतं द्या म्हणाला. कुणी हललं नाही. त्याने परत सांगितलं. जी माणसं रोज शेकडो पोती उचलत होती त्यांचे हात मांड्यांना चिकटल्यासारखे झाले. पाटसकर घड्याळ बघू लागले. शेवटी शिवगोंडा पुढे आला, एका गड्याला डोळ्याने खूण केली, आणि दोघांनी पोतं उचलून रावजीच्या पाठीवर दिलं. देताना शिवगोंडा त्याच्या कानाशी म्हणाला, "तुझं वाटोळं झालं."

"झालं," रावजी म्हणाला. मग हात मागे नेऊन त्याने बटण दाबलं. सगळ्यांना दिसेल असं दाबलं. "आता दुसरं ठेव."

दुसरं पोतं आलं. मान छातीत गेली. त्याला फक्त सिमेंटची फरशी दिसत होती आणि वैदेहीच्या पांढऱ्या बुटांची टोकं. त्याने विचारलं, डबी काय म्हणते?

"एकोणचाळीस टक्के," वैदेही म्हणाली.

"आन् पाठ काय म्हणते?"

ती त्याच्या मागे गेली. "पिवळा."

"कुठला पिवळा, मॅडम?"

तिने वाकून पट्टा पुन्हा बघितला.

"दुसरं पोतं ठेवताना तुमी बघत व्हता. काय काय गेलं मधनं, सांगा."

"तांबडा गेला," ती हळू म्हणाली. "निळा. हिरवा." रावजीच्या नाकावरून घामाचा थेंब फरशीवर पडला, मग दुसरा. वैदेही बोलली तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. "शून्यच चुकीचा आहे. हा दुसरा पिवळा आहे."

"लिवा."

"पोती आधी खाली ठेवा."

"आधी लिवा. आन् बेचाळीस जण रोज असंच बटण दाबतात, मी शिकवलंय, आन् सायेब रोज बघत्यात, हे बी लिवा."

पाटसकर म्हणाले, हा तमाशा बंद करा. कुणीतरी याला उतरवा. कुणी उतरवलं नाही. शिवगोंडासुद्धा हात मागे बांधून उभा राहिला. कमरेत सुई फिरावी तसं काहीतरी फिरलं आणि त्याला कळलं की बाबालालला जे झालं ते असंच सुरू झालं असणार. वैदेही उभ्या उभ्या हातातल्या पाटीवर लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं, पाटसकरांचं नाव गाळलं नाही, आणि खाली सही केली. मग तिने स्वतःच पोत्याला हात घातला. तिच्याने ते काय हलणार. पण ते बघून टोळी धावली.

रावजी पायरीवर बसून पाणी पीत होता तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली. तिला एकच गोष्ट सुटत नव्हती. "त्या दिवशी मागे तुम्हीच होतात ना? दोन्ही पिवळे तुम्हाला ओळखता येतात. तेव्हा दिसला नाही?"

"नाही दिसला," रावजी म्हणाला. "धुरळा व्हता."

एवढं खरं बोलून झाल्यावर एवढंच त्याच्याच्याने झालं नाही.

बाबालालचं ऑपरेशन नवव्या दिवशी झालं. रावजीचा बिल्ला त्याच्या आदल्याच दिवशी गेला, यंत्राशी छेडछाड केली म्हणून. पंधरवड्याने नव्या डब्या आल्या. त्या रात्रभर खोक्यात सपाट पडून स्वतःच शून्य धरायच्या, बटणच नव्हतं. पहिल्या आठ दिवसांत सतरा जणांना विश्रांती मिळाली, शिवगोंडाचा भाऊ त्यात पहिला. पाटसकरांची बदली झाली, याच्या तिप्पट मोठ्या गोदामावर. वैदेहीने पोत्याचं वजन कमी करा असा कागद वर पाठवला. तो कागद वरच आहे. रावजी बाजारात दिसला की टोळीतली माणसं रस्ता बदलायची. एकाने बदलला नाही, तो समोरून येऊन त्याच्या पायाशी थुंकला.

हे सगळं त्याने सोसलं. पण भिंतीकडे वळलेली ती पाठ त्याला सोसवेना. पाय चालता होईपर्यंत बाबालालला दवाखान्यातच ठेवलं होतं, तिथे तो एका सकाळी गेला. खाटांच्या रांगेत बाबालाल उशीला टेकून बसला होता. डाव्या पायाचा अंगठा तो हलवून बघत होता, खाली, वर. या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. ये म्हणालाही नाही.

रावजीने उभ्यानेच सगळं सांगितलं. हिरवा गेला तो पाहिला. पिवळा आला तो पाहिला. कुठला ते कळलं होतं. पाट्यावर तीन मिनिटं होती आणि नऊ पोती होती, म्हणून कच्ची म्हणालो. धुरळा नव्हता. काहीच नव्हतं. स्वच्छ दिसत होतं.

बाबालालचा अंगठा थांबला.

"हे सांगाय आलास व्हय?" तो म्हणाला. "शिजली का कच्ची ते मला तू सांगाय पायजेस काय? पाठ कुणाची हाय?"

"मग चढलास कशाला, भाई?"

"चढलो कुठं? थांबलो व्हतो की फळीवर. तुला हाक मारली. राव्या, धर म्हणलं. पाय गेला म्हणलं. दोनदा म्हणलं." त्याचा आवाज चढला नव्हता, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपलाच होता. "तू आपला कच्ची कच्ची करत व्हतास. मला वाटलं ऐकून म्हणतोयस. म्हणून उचलला पाय."

रावजी खाटेच्या कडेवर बसला. त्याने ती दुपार पुन्हा समोर आणली. हिरव्याची सुटलेली कड आठवली. पिवळा कुठून कुठे पसरला ते बोटाने काढून दाखवता आलं असतं. पाट्यावरचे आकडे आठवले, फळीवरचा हळदीचा डाग आठवला, ट्रकचं टूं टूं आठवलं. हाक आठवली नाही. तो परत पहिल्यापासून सुरू करून शोधत गेला. बावीस वर्षं ज्याचा आवाज त्याने दहा पोत्यांच्या थप्पीपलीकडून ओळखला होता, त्याचा आवाज त्या दुपारी कुठेच नव्हता.

नर्स येऊन गोळ्या देऊन गेली. मग बाबालालने उशीवरून खाली सरकायची धडपड केली, ती जमेना.

"मला कुशीवर कर," तो म्हणाला. "जैबून खाली गेलीया."

रावजी उठला. एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली. टाके कुठे पडले होते ते त्याला माहीत नव्हतं. सदऱ्याखाली काही दिसतही नव्हतं.

"दुखलं तर सांग, भाई."

"सांगतो," बाबालाल म्हणाला. "तू ऐक फकस्त."